परकी भाषा शिकताना मध्ये इंग्रजी नको

कोरियन मालिकेतली मुलगी "उरी ओम्मा" म्हणते. खाली इंग्रजी सबटायटल येतं 'माय मॉम', आणि पाहणारा मनातल्या मनात त्याचं "माझी आई" करून टाकतो. खरं तर ती म्हणाली होती "आमची आई". 'उरी' म्हणजे आमचा, आमची. घरात एकुलती एक असली तरी कोरियन मुलगी "आमची आई" म्हणते, आणि मराठी मुलगीही तेच म्हणते. दोन्ही भाषांत जशीच्या तशी असलेली गोष्ट मधल्या इंग्रजीमुळे दोनदा हरवली. आधी सबटायटलमध्ये, मग आपल्या डोक्यात.

मालिका, बातम्या, पॉडकास्ट, कॉमिक्स यांतून भाषा शिकणारे आता खूप आहेत, आणि ही पद्धत चांगलीच आहे. पण ॲप इंग्रजीतून, शब्दकोश इंग्रजीतून, सबटायटल इंग्रजी, व्याकरणाचं स्पष्टीकरणही इंग्रजी अशी सगळी व्यवस्था असते. इंग्रजीतली साधनं जरूर वापरावीत, त्यांच्याइतकी दुसरी सहज मिळत नाहीत. मात्र वाक्याचा अर्थ लावताना ते थेट मराठीत आणायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. आपली भाषा या कामाला किती सोयीची आहे, याचा आपल्याला अंदाजच नसतो.

स्पॅनिशचं उदाहरण घ्या. 'मे गुस्ता ला मूसिका' हे वाक्य इंग्रजीतून शिकवताना पानभर समजवावं लागतं, कारण इंग्रजीत ज्याला आवडतं तो माणूस कर्ता असतो. मराठीत हे वाक्य सरळ "मला संगीत आवडतं" असं होतं. पुस्तकं आली की 'मे गुस्तान लोस लिब्रोस', म्हणजे "मला पुस्तकं आवडतात". क्रियापद दोन्हीकडे आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदललं. जर्मनमध्ये 'मीर इस्ट काल्ट' म्हणजे शब्दशः "मला थंड आहे", आपण म्हणतो "मला थंडी वाजते". इथे 'मला' हाच धागा धरला तर चूक होत नाही. इंग्रजीवरून गेलं की 'इश बिन काल्ट' तोंडात येतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हा माणूस स्वतःला थंड स्वभावाचा म्हणवतो आहे. उकाड्याबद्दल 'इश बिन हाइस' म्हटलं तर अर्थ भलताच होतो.

जर्मनमधली तीन लिंगं पाहून लोक घाबरतात, पण आपल्याकडेही तीनच आहेत. 'मुलगी' या अर्थाचा 'दास मेडशेन' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, कारण 'शेन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. आपलं वासरू, कोकरू, पिल्लू आठवा. जर्मनमध्येही 'दास काल्ब', 'दास लाम', 'दास क्यूकन' नपुंसकलिंगीच. बाकी हजारो शब्दांची लिंगं पाठच करावी लागतात, त्यात मराठी मदत करणार नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बारक्या शब्दांचं. जर्मन माणूस बोलताना 'डॉख', 'या', 'माल' असे शब्द सतत पेरतो. इंग्रजी सबटायटलमध्ये ते बहुतेक गळून पडतात, म्हणून शिकणाऱ्याला ते निरर्थक वाटतात. मराठीत त्यांना जागच्या जागी शब्द आहेत. 'कोम डॉख' म्हणजे "ये ना". 'वार्टे माल' म्हणजे "थांब जरा". 'दास वाइस्ट डू या' म्हणजे "तुला माहीत आहेच की". जपानी वाक्याच्या शेवटचा 'ने' म्हणजे आपला "ना", आणि 'यो' म्हणजे बऱ्याचदा "बरं का". घरातून निघताना जपानी माणूस 'इत्ते किमासु' म्हणतो, त्याचा शब्दशः अर्थ "जाऊन येतो". आपणही निघताना "जातो" न म्हणता "येतो" म्हणतो. या वाक्याखाली इंग्रजीत नुसतं 'निघतोय' अशा अर्थाचं काहीतरी दिसतं.

उच्चारातही हेच. स्पॅनिश आणि फ्रेंच 'टी' आणि 'डी' ही अक्षरं आपल्या त, द यांच्या जवळची आहेत, जीभ दातांना लागते. रोमन अक्षर पाहून इंग्रजी ट-ड लावायची खोड सोडली की 'टोडो'चं 'तोदो' होतं. चिनीची रोमन लिपी, पिनयिन, याहून फसवी आहे. तिथला 'बी' हा आपला प आणि 'पी' हा आपला फ, तोही दोन्ही ओठ मिटून म्हटलेला. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ, 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. आपल्या कानाला क आणि ख यांतला फरक लहानपणापासून कळतो, इंग्रजी कानाला तो शिकवावा लागतो. जर्मन 'झेड' आणि जपानी 'त्सु' यांसाठी 'चोर' आणि 'चाक' यांतला च आपल्याकडे तयार आहे, 'चिमणी'मधला नव्हे.

जिथे मराठी अपुरी पडते तिथे मात्र ते ओळखून वेगळी मेहनत घ्यावी. जर्मन आणि फ्रेंचमधल्या काही स्वरांना आपल्याकडे अक्षरच नाही. त्यासाठी ओठ 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल ठेवून आतून 'ई' म्हणायचं, किंवा ओठ 'ओ'चे ठेवून 'ए' म्हणायचं. आरशासमोर रोज दोन मिनिटं केलं तर काही आठवड्यांत जमतं. जपानीत स्वराची लांबी अर्थ बदलते. 'ओबासान' म्हणजे काकू किंवा मावशी, आणि मधला 'आ' दुप्पट लांबवला की आजी. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, म्हणून जपानी शब्द देवनागरीत टिपून ठेवणं लवकर थांबवावं. हिरागाना या जपानी लिपीची मूळ अक्षरं ४६ आहेत आणि त्यांचा क्रम अ, क, स, त, न, ह, म असा आपल्या वर्णमालेच्या वळणाचा आहे, कारण तो संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातूनच तिकडे गेला. आठवडाभरात ती लिपी येते.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेची एक यादी सगळीकडे फिरत असते. स्पॅनिश-फ्रेंचला वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास, आणि जपानी, कोरियन, चिनी, अरबीला सुमारे २,२०० तास. ती यादी इंग्रजी भाषकांसाठी बनवलेली आहे. जपानी-कोरियनमध्ये क्रियापद शेवटी येतं आणि प्रत्यय नामाच्या मागून लागतात. 'निहोन नि इकु' हे "जपानला जाणं" याच क्रमाने येतं. लिपी आणि शब्दसंग्रह यांचे कष्ट आपल्यालाही आहेतच, पण वाक्यरचनेची भीती बाळगायचं कारण नाही.

आता सबटायटलविषयी. ते पूर्ण भाषांतर असतं, ही समजूत आधी काढून टाकायला हवी. रोमन लिपीतल्या सबटायटलचे प्रचलित दंडक साधारण असे आहेत: एका ओळीत ४२ अक्षरं, एका वेळी दोन ओळी, सेकंदाला १७ ते २० अक्षरं, आणि एक सबटायटल पडद्यावर फार तर ७ सेकंद. जपानीत तर सेकंदाला ४ अक्षरांचा हिशेब धरतात. म्हणजे पात्र दोन सेकंद भराभर बोललं तर अनुवादकाच्या हाती ३४ ते ४० अक्षरं असतात. तो हाका, पुनरुक्ती, 'अगं', 'बरं' हे सगळं छाटतो. त्याचं काम तेच आहे आणि ते फार कसबाचं आहे. फक्त आपण त्या ओळीला मूळ वाक्याचा अर्थ समजून पाठ करू नये.

शिवाय सबटायटल अनेकदा दोन टप्प्यांत तयार होतात. आधी मूळ भाषेतून इंग्रजी, वेळेच्या खुणांसकट, आणि मग त्या इंग्रजी साच्यावरून इतर भाषा. 'पॅरासाइट' (२०१९) या कोरियन चित्रपटात बाप आपल्या मुलाच्या बनावट कागदपत्रांचं कौतुक करताना सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठाचं नाव घेतो. इंग्रजी सबटायटलमध्ये तिथे ऑक्सफर्ड आहे, परदेशी प्रेक्षकाला त्या नावाचं वजन झटकन कळावं म्हणून. त्या जागी हा निर्णय मला योग्यच वाटतो. पण कुणी त्याच इंग्रजीवरून मराठी केलं, तर सोलमधलं ते कुटुंब ऑक्सफर्डविषयी बोलू लागतं आणि ते का, हे अनुवादकालाही कळत नाही.

डब केलेल्या मालिकेचा शिकण्यासाठी उपयोग करताना अजून एक अडचण येते. डबिंगचे संवाद ओठांच्या हालचालीला जुळवून लिहिलेले असतात, सबटायटल वाचण्याच्या वेगाला जुळवून. ऐकू एक येतं आणि वाचायला दुसरं मिळतं. म्हणून जी भाषा शिकायची त्याच भाषेत मुळात तयार झालेला कार्यक्रम घ्यावा, आणि सबटायटलच्या यादीत 'सीसी' किंवा 'एसडीएच' लिहिलेला पर्याय निवडावा. तो कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असतो आणि बहुधा बोललेल्या शब्दांच्या जास्त जवळ राहतो.

प्रत्यक्ष सरावाला तीन मिनिटांचा तुकडा पुरे. पूर्ण भाग मजेसाठी पाहा, अभ्यास तीन मिनिटांचा. बोलण्याचा वेग मिनिटाला १५० शब्द धरला तर तीन मिनिटांत ४५० शब्द होतात. त्यातले ९८ टक्के ओळखीचे असतील तर नवे शब्द ९ उरतात, आणि संदर्भावरून त्यांचा अर्थ लागतो. ९५ टक्के असतील तर बावीस-तेवीस. ९० टक्क्यांवर नवे शब्द ४५ होतात आणि ऐकणं बाजूला राहून नुसतं शब्दकोश चाळणं सुरू होतं. इंग्रजी चित्रपटांविषयीच्या वेब आणि रॉजर्स यांच्या २००९ च्या अभ्यासात, सर्वाधिक वापराची सुमारे ३,००० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) येत असली तर ९५ टक्के संवाद ओळखीचे होतात आणि ९८ टक्क्यांसाठी सुमारे ६,००० लागतात, असं आढळलं. म्हणूनच पहिल्याच महिन्यात गुन्हेगारी मालिका लावणाऱ्याचा उत्साह लवकर संपतो.

तुकडा निवडल्यावर आधी सबटायटल बंद ठेवून दोनदा ऐका. मग त्याच भाषेतली सबटायटल लावून एकदा. इंग्रजी सबटायटल अजिबात नको. दोन भाषांची एकदम लावली तरी डोळा ओळखीच्या ओळीवरच जातो. यानंतर ३० ते ४० सेकंदांचा भाग निवडून सबटायटल झाका आणि शब्द न् शब्द लिहून काढा. सुरुवातीला एवढ्यालाच अर्धा तास लागतो. वेग कमी करायचा तर ०.७५ पर्यंत, त्याखाली आवाज फाटतो आणि व्यंजनं ओळखू येत नाहीत.

लिहिलेलं सबटायटलशी ताडून पाहा आणि प्रत्येक चुकीला तिची जात द्या. शब्दच माहीत नव्हता, तर तो उजळणीच्या कार्डावर जाईल. शब्द माहीत होता पण ऐकू आला नाही, तर ती कानाची चूक. फ्रेंच माणूस 'जे न से पा' म्हणताना घाईत 'शेपा' म्हणतो, जपानी माणूस 'ते इरु'चं 'तेरु' करतो. अशा वेळी शब्द पाठ करून काहीच होत नाही. तेवढाच दोन सेकंदांचा आवाज दहा वेळा ऐकून, त्याच्या पाठोपाठ त्याच वेगात म्हणून पाहावा लागतो. आणि शब्दाचं शेपूट, म्हणजे प्रत्यय चुकला असेल, तर त्या दिवशी व्याकरणाचं तेवढंच एक पान वाचा. या तीन चुकांना एकच औषध दिलं जातं, म्हणून लोक वर्षानुवर्षं मालिका पाहूनही अडकून राहतात.

आता भाषांतर. तुकड्यातली पाच-सहा वाक्यं मराठीत लिहा, समोर माणूस आहे असं समजून, बोलतो तशा मराठीत. दुसऱ्या दिवशी मूळ न बघता फक्त मराठीवरून ती परत परक्या भाषेत करा, आणि मग मुळाशी ताडा. ही युक्ती जुनी आहे. रॉजर ॲशम या इंग्लिश शिक्षकाने लॅटिनसाठी ती सांगितली आणि त्याचं पुस्तक १५७० मध्ये छापलं गेलं. इतक्या वर्षांत याहून नेमकी कसोटी माझ्या पाहण्यात आलेली नाही.

ती कसं काम करते ते एका वाक्यात दिसेल. जर्मन पात्र वैतागून म्हणतं, 'इश हाब्स डीर डॉख गेझाक्ट'. इंग्रजी सबटायटलवरून गेलात तर मराठी होतं "मी तुला सांगितलं". दुसऱ्या दिवशी त्यावरून परत जर्मन केलं की 'इश हाबे डीर गेझाक्ट' एवढंच येतं. मुळाशी लावून पाहिलं तर दोन गोष्टी गायब आहेत. एक म्हणजे 'डॉख'. मराठी नीट केलं असतं, "तुला सांगितलं होतं ना मी!", तर तो "ना" दुसऱ्या दिवशी 'डॉख'ची आठवण करून देणारच होता. दुसरी म्हणजे 'हाब्स'च्या टोकाला चिकटलेला 'स', म्हणजे 'एस', "ते". मराठीत आपण "ते" गाळतो, वाक्य तसंच पूर्ण वाटतं. जर्मनमध्ये ते लागतं. पहिली चूक इंग्रजीने घडवली, दुसरी मराठीने. दुसऱ्या जातीच्या चुका वहीत वेगळ्या टिपून ठेवा, कारण त्याच पुन्हा पुन्हा होणार आहेत.

'अंकी' (Anki) किंवा तत्सम उजळणीच्या कार्डांच्या ॲपमध्ये रोज आठ-दहापेक्षा जास्त नवी कार्डं घालू नका. दहा घातली तरी काही आठवड्यांत रोजची उजळणी सत्तर ते शंभर कार्डांवर जाते. कार्डाच्या पुढच्या बाजूला सुटा शब्द नको, अख्खं वाक्य आणि त्याचा आवाज हवा, त्यात नवा शब्द एकच. मागे मराठी. इंग्रजीशी साम्य असलेल्या शब्दांसाठी तर मागची बाजू मराठीतच हवी. जर्मन 'गिफ्ट' म्हणजे विष, 'बेकोमेन' म्हणजे मिळणं, फ्रेंच 'आक्त्युएलमाँ' म्हणजे सध्या, स्पॅनिश 'एम्बारासादा' म्हणजे गरोदर. हिंदीतली 'शिक्षा' मराठीत आली की काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे, तोच प्रकार.

साहित्य काय घ्यावं? अगदी सुरुवातीला हवामानाचा अंदाज, असं मी सांगेन. मिनिट-दीड मिनिटाचा मजकूर, समोर नकाशा, रोज तेच शब्द नव्या क्रमाने: दिशा, आकडे, पाऊस, वारा, उद्या, परवा. दोन आठवड्यांत आकडे कानाला थेट कळू लागतात. नंतर शिकणाऱ्यांसाठीच्या बातम्या. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासकट मिळतात, आरएफआय या फ्रेंच नभोवाणीचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र आहे, जपानीसाठी जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या. गाणी आनंदासाठी ऐका. त्यांत शब्दांचा क्रम हवा तसा फिरवलेला असतो आणि चिनी गाण्यात तर शब्दांचे सूर चालीत बुडून जातात. ॲनिमेमधली, म्हणजे जपानी ॲनिमेशनपटांतली, 'ओरे' (मी), 'ओमाए' (तू) ही सर्वनामं उचलून अनोळखी माणसाशी बोलू नका, ती उद्धट वाटतात.

बातम्यांच्या भाषेत एक खास खुबी असते. फ्रेंच निवेदक 'इल इ ओरे त्र्वा ब्लेसे' म्हणतो तेव्हा क्रियापदाचं रूप संकेतार्थाचं असतं. इंग्रजी वळणाने त्याचं "तीन जखमी असते" असं काहीतरी होतं आणि अर्थाचा पत्ता लागत नाही. ते रूप सांगतं की ही माहिती अजून पक्की नाही: "तीन जण जखमी झाल्याचं समजतं". जर्मन बातम्यांतही दुसऱ्याचं म्हणणं सांगताना क्रियापद वेगळं येतं, 'एर झाय क्रांक', "आपण आजारी असल्याचं त्यांनी सांगितलं". इथे "म्हणे" वापरू नका. "म्हणे"त अविश्वास आहे, त्या जर्मन रूपात तो असेलच असं नाही.

मराठीत आणताना सगळ्यात नाजूक जागा तीन: मी, आम्ही, तू. मराठी क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतं, आलो की आले. मूळ भाषा ते लपवू शकते, मग अनुवादकाला वाक्यच फिरवावं लागतं, "मला यायला उशीर झाला" असं. कधी हीच अडचण कामाला येते. 'किमी नो ना वा' (२०१६) या ॲनिमेपटात मुलाच्या शरीरात शिरलेली मुलगी मित्रांसमोर 'वाताशि', 'वाताकुशि', 'बोकु' असं करत 'ओरे'वर पोचते, तेव्हा कुठे मित्रांना ते बोलणं नेहमीसारखं वाटतं. मराठीत ही चारही सर्वनामं "मी"च. पण "मी आले… म्हणजे, आलो" असं अडखळलं की प्रसंग उभा राहतो. कोरियनमध्ये मुलगी मोठ्या भावाला 'ओप्पा' म्हणते आणि मुलगा 'ह्यंग'. मराठीत दोन्हीला "दादा". हरवलेला फरक क्रियापदात परत येतो: "दादा, मी आले" आणि "दादा, मी आलो".

"आम्ही" की "आपण" हे इंग्रजी 'वी'वरून कधीच कळत नाही, दृश्य पाहूनच ठरवावं लागतं. "आपल्याला निघायला हवं" आणि "आम्हाला निघायला हवं" यांत समोरचा माणूस सोबत येणार की मागे राहणार एवढा फरक आहे. फ्रेंच चित्रपटात दोन पात्रं 'वू'वरून 'त्यु'वर येतात तो क्षण कथेतला मोठा क्षण असू शकतो. मराठीत तिथे "तुम्ही"चं "तू" करा, आणि त्यानंतरच्या प्रत्येक वाक्यात ते पाळा. इंग्रजी साच्यात आधीही 'यू' आणि नंतरही 'यू'.

यंत्रानुवादही नेमका याच तीन जागी घसरतो. एकट्या वाक्यात बोलणारा कोण आणि कुणाशी, हे त्याला दिसत नाही. मग बाई "मी गेलो" म्हणते आणि नातू आजीला "आपण" म्हणतो. म्हणून आपलं मराठी लिहून झाल्यावरच यंत्राचं बघा. द्यायचं तर सुटं वाक्य देऊ नका. आधीची चार-पाच वाक्यं द्या, बोलणारी स्त्री की पुरुष, समोर कोण, दोघं एकमेकांना काय म्हणतात हे लिहा आणि थेट मराठी मागा. उत्तर आलं की आधी क्रियापदाची शेपटं तपासा, मग "आम्ही–आपण", आणि शेवटी मूळ वाक्यातला 'डॉख' किंवा 'ने' मराठीत कुठे उतरला आहे ते शोधा.